सूनबाईचा गुडघा

गुडघा हा अवयव मोठा निरभिमानी आहे. डोळ्यांवर काव्यें झालीं, बाहूंवर पोवाडे झाले, चरणांना तर लोकांनीं फुलें वाहिलीं. पण ज्याच्या वांकण्यावांचून नमस्कारसुद्धां घडत नाहीं त्या गुडघ्याकडे, तो दुखूं लागेपर्यंत, कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. सुश्रुताचार्यांनीं मात्र पाहिलें होतें. शारीरस्थानाच्या पांचव्या अध्यायांत ते शरीरांत नऊशें स्नायु मोजतात आणि त्यांपैकीं एकेका गुडघ्याच्या वांट्याला दहा देतात. येथें स्नायु म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकांतील मांसल स्नायु नव्हे. त्याला आचार्य पेशी म्हणतात. मराठीनें हा शब्द केव्हां व कां फिरविला हें कोडेंच आहे. सुश्रुताचा स्नायु म्हणजे बांधणारी दोरी. फळ्या दोऱ्यांनीं घट्ट आवळल्या म्हणजे नाव जशी पाण्यावर माणसांचा भार वाहते, तसें स्नायूंनीं सांधे बांधलेलें शरीर भार वाहतें, अशी त्यांची उपमा आहे. हाड, पेशी, शीर किंवा सांधा दुखावल्यानें माणसाची जितकी हानि होत नाहीं तितकी स्नायु दुखावल्यानें होते, असेंही ते बजावतात. हा अध्याय मीं तरुणपणीं वाचला होता. त्याची आठवण झाली ती स्वित्झर्लंडांत, बर्न शहरीं, आमच्या सूनबाईच्या पलंगाशेजारीं बसलों असतां.

सूनबाई मूळची पुण्याची. लहानपणीं दर रविवारीं सिंहगड चढणारी. लग्नानंतर नोकरीनिमित्त दोघें बर्नला गेलीं आणि तेथें तिला स्कीइंगची गोडी लागली. स्कीइंग म्हणजे बर्फावरून घसरणें असें आपण म्हणतों. पण तें पोहणें म्हणजे पाण्यांत पडणें म्हणण्यासारखें आहे. पोटरीपर्यंत येणारे कठीण बूट, त्यांना जोडलेल्या दोन लांब पट्ट्या, आणि उतारावर एकदां या कडेवर तर एकदां त्या कडेवर भार देत वळणें घेत खालीं यावयाचें. त्या मुलुखांत नीट बोलतां न येणारीं पोरेंही हें करतात. सूनबाईनें तिशी उलटल्यावर आरंभ केला आणि आठ हिवाळ्यांत ती अवघड उतारही सहज उतरूं लागली.

फेब्रुवारी २०२३ मध्यें, ग्रिंडेलवाल्डच्या वर, आयगर पर्वत समोर दिसतो अशा उतारावर ती पडली. वेग फार नव्हता. दिवसाची शेवटची फेरी, बर्फ दुपारच्या उन्हानें मऊ झालेलें, पाय थकलेले. तोल मागें गेला, बैठक गुडघ्याच्या खालीं आली, आणि उताराकडच्या पट्टीची मागली आंतली कड बर्फांत रुतून तिनें पायाला पीळ दिला. आंत कांहीं तरी तुटल्याचा आवाज तिनें स्वतः ऐकला. अमेरिकेंतील व्हर्माँटच्या संशोधकांनीं या प्रकाराला ‘भुताचा पाय’ असें नांव दिलें आहे. कारण पट्टीचा मागला भाग, जणूं टांचेच्या मागें आणखी एक पाऊल फुटावें, तसा गुडघ्याला पिळतो. पडतांना उठण्याची धडपड करूं नये, हात पुढें ठेवावे, थांबेपर्यंत थांबावें, असें त्यांनीं वीस ठिकाणच्या शिक्षकांना व रक्षकांना शिकविलें, तेव्हां शिकलेल्यांत गुडघ्याच्या गंभीर दुखापती शेंकडा ६२ नें घटल्या. हें त्यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलें. पूर्वीं चामड्याच्या बुटांच्या काळीं नडगी किंवा घोटा मोडे. पुढें बूट कठीण झाले, आणि पडतांच पट्टीपासून सुटणारी बाइंडिंग नांवाची पकड सुधारली, नडग्या वांचल्या. गुडघ्याचें रक्षण मात्र त्या पकडीला साधलेलें नाहीं.

आम्ही उभयतां मार्चमध्यें तेथें पोहोंचलों. तेव्हां घरांत एकच वाद चालला होता: शस्त्रक्रिया करावी कीं न करावी. गुडघ्याच्या आंत दोन बंध एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांतील पुढचा तुटला होता. लांबीला सुमारें तीन सेंटिमीटर, जाडीला करंगळीएवढा. सांध्यांतील द्रवामुळें त्याच्या तुटल्या टोंकांमध्यें रक्ताची गांठ टिकत नाहीं, म्हणून तो हाडासारखा सहसा आपोआप सांधत नाहीं. मुलानें मला एक स्वीडिश प्रयोग वाचून दाखविला. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत १२१ तरुण रोग्यांपैकीं कांहींवर लगेच शस्त्रक्रिया केली व बाकीच्यांना आधीं नुसता व्यायाम दिला. दोन वर्षांनीं दोन्ही गटांचे गुडघे सारखेच निघाले, आणि व्यायामवाल्यांपैकीं निम्म्यांना पांच वर्षांनंतरही शस्त्र लागलें नाहीं. आमच्या मंडळींना एवढें पुरे होतें. “चालतां येतें आहे ना? मग झालें. तो डोंगर आपल्या जागीं सुखी आहे. हिनें तेथें जाऊन पुन्हां पाय मोडून घ्यायला हवा, असें कोणी सांगितलें आहे?” त्यांचा राग डोंगरावर होता असें वरवर दिसे, पण रात्रीं त्या दोनदां उठून सूनबाईच्या खोलीचें दार ढकलून पाहत.

सूनबाईनें वाद घातला नाहीं. सहा आठवडे तिनें नेमानें व्यायाम केला. जानु हें मर्म असून त्याला आघात झाल्यास लंगडेपण येतें, असें सुश्रुताच्याच पुढल्या अध्यायांत आहे. तें मीं घरांत कोणाला वाचून दाखविलें नाहीं. मग एके दिवशीं ट्राममधून उतरतांना तिचा गुडघा जागच्याजागीं निसटला. आठवड्यानें जिन्यावर पुन्हां तेंच. त्या रात्रीं ती म्हणाली, “मामंजी, डोंगराचें राहूं द्या. मला जिन्याचीच भीति वाटूं लागली आहे.” यावर सासूबाईही बोलल्या नाहींत. एप्रिलच्या आरंभीं मांडीच्या मागील बाजूची कंडरा काढून तिचा नवा बंध गुडघ्यांत बसविण्यांत आला.

पुढचे दिवस मला वाटलें होतें त्याहून निराळे निघाले. पहिली चिंता गुडघा वांकविण्याची नव्हे, पुरता सरळ करण्याची. मांडीची पुढची पेशी हुकूमच ऐकेना. सूनबाई घामाघूम होई आणि पाय गादीवरून चार बोटेंही उचलला जात नसे. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणत, पेशी दुबळी नाहीं, ती घाबरून निजली आहे. तेथें असा उपचार नऊ-नऊ बैठकांच्या हप्त्यांनीं लिहून देतात; आणि नोकरदाराला कामाबाहेरचा अपघात झाला तरी तिसऱ्या दिवसापासून विम्यांतून पगाराचा शेंकडा ८० भाग मिळतो. आपल्याकडे हें व्हावयास हवें. माझ्याकडे फीत आणि वही आली. दर सोमवारीं दोन्ही मांड्यांचा घेर मोजून मी टिपीत असें. पहिल्या सोमवारीं डावी मांडी चार सेंटिमीटरांनीं बारीक होती. अक्षय्यतृतीयेला आम्ही सारीं जमिनीवर पानें मांडून बसलों आणि ती एकटी खुर्चीवर. आमरसाची वाटी हातांत घेऊन ती हंसत होती. वाटी खालीं ठेवून एकाएकीं आंत निघून गेली. मंडळी मागोमाग गेल्या. आंत काय बोलणें झालें तें मला कळलें नाहीं, पण दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचीं पानें टेबलावर वाढलीं जाऊं लागलीं.

खरा धोका पुढें होता. दोन-तीन महिन्यांनीं सूज उतरते, चाल सुधारते, आणि रोग्याला वाटतें आपण बरे झालों. नेमका त्याच सुमारास नवा बंध सर्वांत कच्चा असतो. बसविलेली कंडरा आरंभीं निर्जीवच असते. तिच्यांत रक्तवाहिन्या शिरेपर्यंत ती मऊ पडते. आंब्याचें कलम बांधणारा माळी जसा तें कोणाला हलवूं देत नाहीं, तसेंच हें. नॉर्वे व अमेरिका येथील रोग्यांवरून २०१६ मध्यें असें दिसून आलें कीं, खेळाकडे परतणें नऊ महिन्यांपर्यंत जितकें लांबवावें, तितकें दर महिन्यामागें पुनः दुखापतीचें प्रमाण निम्म्यानें उतरतें. हें ऐकतांच आमच्या मंडळींनीं पंचांग हातीं घेतलें. “नऊ महिन्यांचें गणित मला कोणी शिकवायला नको,” त्या म्हणाल्या. आणि ज्या स्कीइंगच्या नांवानें बोटें मोडीत होत्या, त्याच्याच मुहूर्ताच्या त्या राखणदार झाल्या.

जूनमध्यें परतण्यापूर्वीं आम्ही म्युरेन गांव पाहून आलों. तेथेंच १९२२ मध्यें अर्नोल्ड लन यांनीं आजच्या धर्तीची स्लॅलम शर्यत मांडली. हे गृहस्थ १८८८ सालीं आपल्या मद्रासेंत जन्मलेले! १९०९ मध्यें वेल्समधील एका पर्वतावरून पडून त्यांचा पाय असा मोडला कीं तो दोन इंच आखूड राहिला. तरी त्यांनीं बर्फ सोडलें नाहीं. १९२४ मध्यें त्यांनीं म्युरेनला काढलेल्या क्लबाचें नांवही ‘कंदाहार’, कारण तें लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांच्यावरून पडलें. मोठ्या उत्साहानें मीं हें सूनबाईला सांगितलें. ती म्हणाली, “मामंजी, त्यांचा पाय आखूड होता, गुडघा शाबूत होता.”

जानेवारी २०२४ मध्यें नऊ महिने भरले. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांची तुलना करतात, यंत्रावर ताकद मोजतात. दुखावलेला पाय दुसऱ्याच्या शेंकडा ९० तरी भरला पाहिजे. सूनबाईचा ८४ भरला. त्या आठवड्यांत तिच्या मैत्रिणी डोंगरावर गेल्या आणि ती घरीं सायकलयंत्रावर बसली. कोणी तिला अडविलें नव्हतें. मार्चमध्यें ९३ आले.

निळ्या खुणेच्या, म्हणजे सर्वांत सोप्या, उतारावर तिनें तीन फेऱ्या केल्या आणि सकाळींच खालीं आली. फोन केला तो मला नव्हे, सासूबाईंना. त्यांनीं एवढेंच विचारलें, “सुजला का ग?” नाहीं म्हणतांच म्हणाल्या, “मग उद्यां बर्फ लावून स्वस्थ बैस, आणि परवां जा.” तेव्हांपासून ती दर हिवाळ्यांत जाते. मात्र दुपारीं बर्फ मऊ पडूं लागलें कीं शेवटची फेरी इतरांना सोडून देते आणि पाळण्यांत बसून खालीं उतरते.