फाटक उघडे ठेवताना

मराठी घराच्या भाषेत झाडांना दोन जागा असतात. एक परस, दुसरी अंगण. परसात केळ, अळू, कढीपत्ता आणि मोरीच्या पाण्यावर माजलेली कर्दळ. अंगणात तुळस, जास्वंद, तगर आणि कुंपणावर चढलेली गोकर्ण. परसातले स्वयंपाकाला, अंगणातले देवाला. केवळ पाहण्यासाठी फूल लावावे आणि ते पाहण्यासाठी गावाला घरी बोलवावे, या व्यवहाराला आपल्याकडे रूढ असा शब्द नाही. 'बाग' फारसीतून आली, आणि संस्कृतातले 'उद्यान' नगरपालिकेच्या पाटीवर जाऊन बसले. त्यामुळे २०२५ च्या जानेवारीत वडीगोद्रीतल्या आमच्या घराची फुलबाग एका रविवारी सर्वांसाठी खुली ठेवायचे ठरले, तेव्हा पहिली अडचण आली ती आमंत्रणाच्या वाक्याची. 'बाग पाहायला या' म्हटले की समोरचा विचारी, "अन् कार्यक्रम काय आहे?"

इंग्लंडमध्ये या गोष्टीची रीत पडून गेली आहे. १९२७ साली तेथे ६०९ खासगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन दाखवण्यात आल्या आणि तो पैसा घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या कामी लावला गेला. ही प्रथा आजही चालू आहे. आपल्याकडे राष्ट्रपती भवनाची बाग, जिला जानेवारी २०२३ पासून अमृत उद्यान म्हणतात, थंडी सरताना लोकांसाठी उघडते. पण या दोन्ही ठिकाणी पाहणारा आणि दाखवणारा सहसा एकमेकांचे कोणी लागत नाहीत. गावात तसे नसते. येथे पाहणारा उद्या सकाळी दूध घेऊन येणार असतो, किंवा त्याची मुलगी आमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेली असते.

म्हणून आम्ही जवळचे आधार शोधू लागलो. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यात, शेजारच्या घनसावंगी तालुक्यात. समर्थांचे 'बागप्रकरण' आम्ही दोघांनीही एम.ए.ला असताना वृक्षनामांची यादी म्हणून चाळले होते. बाग लावल्यावर ते पुन्हा वाचले, तेव्हा ध्यानात आले की ती यादी काटेरी झाडांपासून सुरू होते. आधी कुंपण, मग फळे-फुले. बाग राखायची तर आधी ती कोणापासून राखायची हे ठरवावे लागते, असा त्यातला व्यवहार आम्हांला दिसला.

दुसरा आधार सावता माळ्याचा. पैठणच्या कूर्मदासाला भेटायला निघालेला विठ्ठल वाटेत अरणला सावत्याच्या मळ्यात शिरतो आणि 'मला लपव' म्हणतो, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, अरणला मात्र पांडुरंगाची पालखी येते, असे त्या गावचे लोक अभिमानाने सांगतात. मळा सोडून पंढरीला न गेलेल्या माणसाच्या दारी देवच पाहुणा म्हणून येतो. समर्थांचे कुंपण आणि सावत्याचा पाहुणा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आमचे फाटक होते.

त्याहून कठीण प्रश्न पाण्याचा होता. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा आमच्या परिसरातून जातो. त्याच्या भरवशावर ऊस उभा राहतो आणि धरण रिकामे राहिले की तोच ऊस डोळ्यांदेखत वाळतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ते ज्याने पाहिले आहे त्याला मराठवाड्यात शेवंतीला पाणी घालताना आजूबाजूला पाहावेसे वाटतेच. आमच्या बागेचा बराचसा भाग आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर जगतो. मोगऱ्याच्या कुंड्या तेवढ्या चांगल्या पाण्याच्या. तरीही जे पाणी फुलांना गेले त्याचा काही हिशेब गावाला द्यावा, ही भावना बाग खुली करण्यामागे होती. फूल घरात कोंडले तर ती चैन ठरते. चार माणसांनी पाहिले तर ती चैन उरत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण ती निदान एकट्याची राहत नाही.

दिवस निवडला तो संक्रांत आणि रथसप्तमी यांच्यामधला. या दिवसांत बायका हळदीकुंकवाला एकमेकींकडे जातात, वाण घेतात. परक्या उंबऱ्याच्या आत जाण्याची मुभा देणारी एवढी जुनी आणि तयार रीत दुसरी कोणती? आम्ही कुंकू तेवढे वगळले आणि वाण ठेवले. वाण म्हणून कागदाच्या पुड्यांत बी: झेंडूचे, गोकर्णीचे, गुलबक्षीचे मिऱ्यासारखे काळे. कुंकू नसल्यामुळे एरवी अशा दिवसांत घरीच थांबणाऱ्या बायकाही आल्या. त्यांच्यापैकी एकीने पुडी घेताना पदर पुढे केला. त्या एका हालचालीवर वर्गात एखादा तास घेता येईल.

फाटकावरच्या पाटीसाठी आम्ही मराठीच्या मास्तरांना शोभेल एवढा घोळ घातला. 'फुले तोडू नयेत' हे वाक्य सरकारी. शिवाय आपल्या भाषेत सगळीच फुले कोठे तोडतात? कळी खुडतात, पारिजातक वेचतात, देवासाठी फुले काढतात. तोडायचा तो झेंडू, बाजारासाठी, पोत्याने. प्रत्येक क्रियापदात हाताचा वेगळा जोर आहे. शेवटी पाटीवर लिहिले, 'फूल झाडावर पाहावे, बी मागून न्यावे.' ही पाटी बहुतेकांनी पाळली. एका आजींचा प्रश्न मात्र आम्हांला सुटला नाही. वास घेतलेले फूल देवाला चालत नाही. मग एवढी माणसे नाक लावून गेल्यावर उद्याच्या पूजेचे काय? त्यांनी स्वतः एकाही फुलाचा वास घेतला नाही. हात मागे बांधून, वाकून, नुसते पाहत त्या सबंध बाग फिरल्या. त्या दिवशी फूल खऱ्या अर्थाने 'पाहिले' असेल तर ते त्यांनीच.

शेतकरी पाहुण्यांचे पाहणे निराळे. "सर, ह्याला पाणी किती लागतंय?" आणि लगेच, "भाव काय येतोय?" हा प्रश्न अरसिकतेचा आहे असे ज्याला वाटेल त्याने दसऱ्यानंतर रस्त्याकडेला ओतून दिलेल्या झेंडूचे ढीग पाहावेत. फूल ज्यांनी पीक म्हणून लावले आणि ज्यांचे हात पोळले, त्यांना सौंदर्याची भाषा शिकवायला जाणे हा उद्धटपणा झाला असता.

आमच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक झाडाशी त्याचे मूळ ठिकाण लिहून ठेवले होते. झेंडू मेक्सिकोचा, गुलबक्षी उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची, सदाफुली मादागास्करची, बोगनवेल ब्राझीलची. दसऱ्याच्या तोरणातले फूल परदेशी हे ऐकून एक बाई थबकल्या. मग म्हणाल्या, "आता आपलंच की. किती वर्षं झाली!"

हे वाक्य एरवी सहज विसरून गेले असते. पण स्थळ वडीगोद्री होते. मराठा आरक्षणाचे आंदोलन २०२३ मध्ये येथून काही किलोमीटरवरच्या अंतरवाली सराटीत उभे राहिले आणि जून २०२४ मध्ये ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठीचे उपोषण वडीगोद्रीत झाले. दोन्ही मंडपांत आमचे विद्यार्थी होते, दोन्हींत त्यांचे आईबाप. दोन्हींचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे होते, कारण दोन्हींच्या मुळाशी कोरडवाहू रान आणि मुलांच्या नोकरीची चिंता होती. पण त्यानंतर लग्नाची पत्रिका देताना आणि घेतानाही माणसे क्षणभर थांबू लागली. आपले कोण हे डोळ्यांनी तपासण्याची सवय लागली.

त्या रविवारी दोन्हीकडची माणसे एकाच फाटकातून आली, कारण आमच्या बागेला दुसरे फाटक नाही. शेवंतीच्या वाफ्याशी दोघे जण मावा कसा जावा यावर बराच वेळ बोलत होते; एकाचा भर निंबोळी अर्कावर, दुसऱ्याचा राखेवर. दोघे वेगवेगळ्या मंडपांत बसलेले आम्हांला ठाऊक होते, आणि त्यांनाही एकमेकांचे ठाऊक होतेच. त्यांनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. बोलणे संपले, बी घेतले, आणि ते आपापल्या गल्लीने गेले. याला सलोखा म्हणणे अतिशयोक्ती होईल. माव्यावर दोघांचे एकमत झाले, असेही नाही. एवढेच, की भांडणासाठी लागणारी नजर पाऊण तास पानांच्या खालच्या बाजूला लागलेली होती.

ललित निबंधाला फुलाचा विषय मिळाला की तो लवकर हळवा होतो, हे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. म्हणून हिशेब लिहून थांबतो. वाटलेल्या पुड्यांतले गुलबक्षीचे बी पावसाळ्यात गावात कोठे कोठे उगवले ते संध्याकाळी फिरायला जाताना दिसते, कारण ते फूल संध्याकाळीच उमलते. काही परसांत, काही अंगणांत, एक चक्क उकिरड्याच्या कडेला. कोणत्या गल्लीत किती, हे आम्ही मोजलेले नाही.