फैजाबादचं अंगण

'उमराव जान' म्हटलं की लोकांना झुंबरं, आरसे, गालिचे आणि रेखाचे डोळे आठवतात. मलाही आधी तेच आठवायचं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे मिर्झा हादी रुसवा यांच्या १८९९च्या कादंबरीवरचा मुजफ्फर अली यांचा हा १९८१चा चित्रपट मी मुख्यतः कानांनीच पाहिला. गझला अलीगढला उर्दू शिकवणाऱ्या शहरयार यांच्या, संगीत खय्याम यांचं आणि आवाज आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशाताईंचा. खय्याम यांनी त्यांना नेहमीच्या पट्टीच्या खाली गायला लावलं. त्यातून एक थांबून, विचार करून बोलणारी बाई उभी राहिली. रेखा, खय्याम आणि आशाताई, तिघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

गेल्या रमजान ईदला फुफी घरी आली होती. रात्री आम्ही दोघींनी हा चित्रपट पुन्हा लावला. लखनौच्या कोठ्यावरच्या मैफली तिने भाजी निवडत पाहिल्या. पण १८५७च्या धामधुमीत लखनौ सोडून निघालेली उमराव फैजाबादला पोहोचते, तिथे फुफीचे हात थांबले. ज्या गावातून लहानपणी अमीरनला पळवून नेलं, तिथेच ती आता तवायफ म्हणून गाते. समोर तिचंच घर. इथे झुंबरं नाहीत, आरसे नाहीत. सुरांना टेकायला काही उरलेलं नाही, म्हणून ही गझल सगळ्यात जास्त आत जाते. नंतर आई तिला ओळखते, पण भाऊ तिला परत जायला सांगतो.

मला एकदम आठवलं. मी पाचवीत असताना फुफी तलाक होऊन एक ट्रंक घेऊन आमच्या दारात आली होती. अब्बांनी तिला चहा दिला आणि संध्याकाळच्या एसटीत बसवून दूरच्या नातेवाइकांकडे पाठवलं. मोहल्ल्यात बोलबाला नको म्हणून. तिथे दोन वर्षं शिवणकाम करून तिने दिवस काढले. मग अब्बांनीच तिला परत आणलं. आमच्या घरात हा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

मी रिमोट हातात घेतला. फुफी म्हणाली, "रहने दे." थोड्या वेळाने म्हणाली, "भाई बुरा नहीं है वो. डर गया."

मी विचारलं, "मग माफ केलंस?"

"माफ तर तेव्हाच केलं. पण दार बंद झालं, ते झालंच ना?"

पडद्यावर उमराव रिकाम्या कोठ्यात आरशावरची धूळ पुसत होती. पलीकडच्या खोलीत अब्बांचा खोकला ऐकू आला. ते जागे होते. फुफी उठली आणि त्यांना पाणी द्यायला गेली.

मी वर्गात ही गझल शिकवते तेव्हा आता शब्दार्थ आधी सांगत नाही. मुलांना आधी एवढंच विचारते, तुमच्या घरातून कोण गेलंय आणि परत यायला कोणाला भीती वाटते?