लेकुरवाळी खेकडीण

खेकडा म्हटला की शहरातल्या माणसाला समुद्र आठवतो. आम्हा मुळशीकरांना मात्र ओढा आठवतो. मृगाचा पाऊस पडला की रात्री बत्ती आणि पोते घेऊन माणसे ओढ्याकाठी निघतात. ज्या घरात मटणाला पैसे नसत, त्या घराला खेकड्याच्या कालवणाने आधार दिला. आमचे घर त्यातलेच. तेव्हा खेकडे धरूच नका, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे?

पण आमच्या आईचा एक नियम होता. धरलेला खेकडा उलटा करून बघायचा. नराच्या पोटाची पट्टी निमुळती, मादीची रुंद. त्या रुंद पट्टीखाली अंडी किंवा बारीक पिले दिसली, की मादीला परत पाण्यात सोडायचे. "लेकुरवाळीला धरू नये," एवढेच तिचे कारण.

त्यामागचे शास्त्र आम्ही पुढे वाचले. समुद्रातल्या बहुतेक खेकड्यांची पिले आधी पाण्यात तरंगत लांबवर जातात. घाटातल्या खेकड्याचे तसे नाही. इथे अंड्यातून थेट छोटा खेकडाच निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतो. त्यामुळे ही जात दूर पसरत नाही. डोंगर बदलला की खेकडाही बदलतो. २०१४ साली शास्त्रज्ञांनी अशा एका नव्या प्रजातीला आपल्या घाटावरून 'घाटियाना' हे नाव दिले. २०१६ साली महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून आणखी पाच नव्या जातींची नोंद झाली. कोणी जांभळा, कोणी केशरी! कातळाच्या ओल्या भेगा आणि बिळे हेच त्यांचे घर. जगात दुसरीकडे ते सापडत नाहीत.

याचा अर्थ साधा आहे. आपल्या ओढ्यातला खेकडा संपला, तर त्याची जागा भरायला समुद्रातून कोणी येणार नाही. आज ताम्हिणीच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. पाहुण्यांच्या ताटासाठी पोती भरतात, त्यांत लेकुरवाळ्याही जातात. बंगल्यांसाठी कातळ फुटतो, ओढे बुजतात. ते थांबवायचे तर ग्रामसभेत उभे राहून बोलावे लागेल, आणि ते आपण बोललेच पाहिजे. पण हातात आलेली मादी उलटी करून बघायला आणि सोडून द्यायला कोणाच्या ठरावाची गरज नाही. यंदाच्या पावसात आपल्या मुलांना एवढे जरूर शिकवा.