एकास बारा

जोत्याला तीन पायऱ्या. प्रत्येकी 15 सेंटिमीटर, म्हणजे एकूण उंची 45. एकास बाराच्या उतारानं रॅम्प काढायचा तर लांबी येते 5 मीटर 40 सेंटिमीटर. वर आणि खाली व्हीलचेअर वळवायला दीड-दीड मीटर सपाट जागा वेगळीच. एवढा हिशेब सांगितला की ठेकेदार आधी फाटकाकडे बघतो, मग पार्किंगच्या पट्ट्यांकडे, आणि म्हणतो, "साहेब, दोन मीटरमध्ये बसवतो." आणि बसवतोही. उतार होतो एकास साडेचारच्या आसपास. त्यावरून स्कूटर झकास चढते. बऱ्याच ठिकाणी ती चढावी म्हणूनच तो बांधलेला असतो. व्हीलचेअर स्वतःच्या हातानं रेटणाऱ्याची मात्र अर्ध्या वाटेत पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडायला लागते. मग मागून धरायला दोघं हवेत. दोघं मिळणारच असतील तर पायऱ्यांवरून उचलूनही नेता आलं असतं, रॅम्पचा खर्च तरी वाचला असता.

तपासणीच्या कागदावर रकाना असतो: "रॅम्प आहे का?" उत्तर: "होय." किती उताराचा, हा रकाना कुणी घातला तर निम्मे "होय" पुसावे लागतील असा माझा अंदाज.

*

2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा चांगला कडक आहे. कलम 44: सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर बांधकामाला परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही, भोगवटाही नाही. कलम 45: जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुधारायच्या. नियम निघाले जून 2017 मध्ये. म्हणजे मुदत 2022 च्या जूनमध्येच सरली.

ऑक्टोबर 2023. मुंबईत खारचं विवाह नोंदणी कार्यालय. दुसरा मजला, लिफ्ट नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी लग्नाची नोंदणी करायला गेल्या. अधिकाऱ्यांनी खाली यायला नकार दिला, म्हणून नवरीला उचलून वर न्यावं लागलं. त्यांनी जाहीरपणे लिहिल्यावर बोभाटा झाला, माफी मागितली गेली. ज्यांना असं लिहिता येत नाही, ते शेजारच्या चार पोरांना हाक मारतात आणि काम उरकून घरी येतात.

*

गोम कायद्यात नव्हती, नियम 15 मध्ये होती. कायदा म्हणतो "पाळलेच पाहिजे". नियमानं बोट दाखवलं मार्गदर्शक तत्त्वांकडे. दृष्टिहीन राजीव रतुरी यांची याचिका 2005 ची. तिच्यावर 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, हा नियम मूळ कायद्याशीच विसंगत आहे. किमान काय सक्तीचं ते तीन महिन्यांत वेगळं काढून ठरवा. 2005 ते 2024. याचिका दाखल झाली त्या वर्षी पायाभरणी झालेल्या इमारतींची एव्हाना दुरुस्ती निघाली असेल.

*

फुटपाथवरच्या पिवळ्या, उठावाच्या फरशा जपानच्या. सेइइची मियाके यांनी त्या 1965 मध्ये तयार केल्या, आणि मार्च 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसल्या. आज त्यांची लिपी दोनच अक्षरांची: लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. पांढऱ्या काठीला आणि बुटाच्या तळव्याला एवढं पुरतं.

आमच्याकडच्या एका नव्या फुटपाथवर सरसकट ठिपकेच बसवलेत. म्हणजे पावलोपावली "थांबा". पुढच्या चौकात रेघा आहेत, सरळसोट, आणि त्या नेऊन सोडतात विजेच्या डीपीच्या पेटीवर. मध्ये चेंबरचं झाकण आलं तिथे फरशी कापून टाकलेली, चार बोटं खड्डा. बसवणाऱ्या मजुराला विचारलं, हे कशासाठी असतं? म्हणाला, "डिझाइन आहे." चूक त्याची नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

*

फुटपाथच्या तोंडाशी ठोकलेले खांब. हेतू रास्त, दुचाकी चढू नये. पण खुर्ची साधारण 65 सेंटिमीटर रुंद, वर चाकं फिरवणाऱ्या हातांची कोपरं. दोन खांबांत तेवढी फट सोडली नाही तर दुचाकीवाला बाजूनं वाट काढतो आणि खुर्चीवाला रस्त्यावरून जातो, बसच्या शेजारून. मुंबईत 2023 मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणानं उच्च न्यायालयाला ई-मेल केला. न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, जनहित याचिका झाली. खांबांमधल्या फटीसाठी उच्च न्यायालय लागावं!

*

दिव्यांगांचं स्वच्छतागृह. दारावर निळी पाटी चकचकीत. दाराला कुलूप. "किल्ली मावशींकडे आहे." मावशी जेवायला गेल्यात. आल्यावर दार उघडलं: झाडू, फिनेलचे कॅन, एक मोडकं टेबल, गणपतीच्या सजावटीचे थर्माकोल. कमोडशेजारचा दांडा जागेवर आहे, पण त्यावर फडकी वाळत घातलेली. हात देऊन पाहिला तर हलतो. स्क्रू प्लायवूडमध्येच आहेत, भिंतीपर्यंत पोचलेलेच नाहीत. खुर्चीवरून कमोडवर सरकताना माणूस अंगाचं सगळं वजन त्या दांड्यावर टाकतो.

*

"उद्या आपण सगळेच म्हातारे होणार, तेव्हा रॅम्प आपल्यालाही लागेल." सोसायटीच्या सभेत हे वाक्य हमखास खपतं, ठराव मंजूर होतो. मला ते रुचत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला आज कॉलेजला जायचंय. त्यासाठी इतरांचे गुडघे दुखायची वाट कशाला बघायची?

*

लोकलचा दिव्यांग डबा फलाटावर कुठे लागतो हे कळावं म्हणून तिथे बारीक बीप-बीप वाजत असतो. गर्दीत बहुतेकांच्या कानावरून जातो. दृष्टिहीन माणूस मात्र त्या आवाजाच्या रोखानं नेमका येऊन उभा राहतो. स्वस्त, साधी, कामाची सोय. तोल जातो तो दुसरीकडे: गाडी अचानक दुसऱ्या फलाटावर लावली की घोषणा फक्त भोंग्यावर होते, इंडिकेटर जुनंच दाखवत राहतो. ऐकू न येणारा माणूस आजूबाजूचे लोक एकदम पळायला लागले की त्यांच्यामागे पळतो.

*

एका सोसायटीची नवी लिफ्ट. बटणांवर ब्रेल, दार 90 सेंटिमीटर, आत आरसा, म्हणजे खुर्ची मागे घेत बाहेर काढताना मागचं दिसावं. मजला सांगणारा आवाजही होता. आता बंद आहे. "दिवसभर 'दुसरा मजला, दुसरा मजला'... डोकं उठतं हो," असं सभेत दुसऱ्याच मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या. आवाज कमी करता येतो का, हे लिफ्टवाल्याला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. पाचव्या मजल्यावरचे दृष्टिहीन शिक्षक आता लिफ्ट थांबली की दाराच्या चौकटीवर ब्रेल आकडा चाचपून बघतात. तो बाहेरच्या बाजूला लावलाय, त्यामुळे हात बाहेर काढावा लागतो, आणि तेवढ्यात दार मिटायला लागतं.