तीन हर्ट्झचा फरक

दोन सबवूफरांमधला फरक कागदावर तीन हर्ट्झचा होता. एक १७ हर्ट्झपर्यंत खाली जातो, दुसरा २० पर्यंत. कंपनी एकच, बारा इंची ड्रायव्हर तोच, ३२५ वॅटचा अँप्लिफायरही तोच. एकाच्या पेटीला हवा ये-जा करायला पोर्ट आहे, दुसऱ्याची पेटी सगळीकडून बंद. पोर्टवाला आकारमानाने दुपटीहून मोठा आणि वजनाला वीस किलोंच्या घरात. बंद पेटी बारा किलोंची, दोन्ही हातांनी उचलून आणता येईल अशी. किमतीत बारा हजारांचं अंतर. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही. अशा जोड्या बऱ्याच कंपन्या बनवतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यातल्या कुठल्याही जोडीला लागू पडेल.

तीन हर्ट्झ म्हणजे नेमकं काय? पियानोची सगळ्यांत डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झची असते. चार तारांच्या डबल बासची सगळ्यांत खालची तार ४१ ची. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ च्या आसपास येतो. म्हणजे आमच्या घरात जे काही वाजतं ते सगळं दोन्ही पेट्यांच्या आवाक्यात आहे. १७ ते २० च्या पट्ट्यात उरतात ते सिनेमातले स्फोट, भूकंप, महाकाय प्राण्यांची पावलं आणि चर्चमधल्या फार मोठ्या ऑर्गनची एखाददुसरी नळी. शिवाय आपला कान तिथे जवळजवळ बहिरा असतो. २० हर्ट्झचा स्वर नुसता जाणवायला लागण्यासाठीच ७५ डेसिबलच्या वर आवाज लागतो. तेवढ्याच डेसिबलचा १००० हर्ट्झचा स्वर आपल्याला चांगलाच मोठा वाटतो.

हे सगळं माहीत असूनही मला पोर्टवाला हवा होता. कारण साधं आहे: मला सिनेमे आवडतात आणि तीन हर्ट्झ जास्त म्हणजे तीन हर्ट्झ जास्त. पण पेटी यायची होती ती बाबांसाठी.

बाबा ७८ वर्षांचे आहेत. तीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये काढली. पत्र्यावर प्रेस आदळायचा, दिवसभर. त्या काळात कानात बोळे घालणाऱ्याला बाकीचे हसायचे. संध्याकाळी घरी आले की तबला काढायचे. मैफिली वगैरे नाहीत, वाड्यातल्या भजनाला साथ आणि एरवी स्वतःपुरता रियाज. आता बोटं साथ देत नाहीत म्हणून तबला कपाटावर गेलाय आणि बाबा ऐकण्यावर आलेत. गेल्या दोन वर्षांत तेही कमी झालं. रेकॉर्डिंग लावलं की पाच मिनिटांत म्हणायचे, "बंद कर. नुसतं कुणीतरी पत्रा वाजवतंय."

त्यांच्या कानांचा आलेख मी पाहिला आहे. डावीकडे बऱ्यापैकी सपाट रेघ, मग २००० हर्ट्झपासून उतार आणि ४००० पाशी खड्डा. यंत्रांच्या गोंगाटात आयुष्य गेलेल्यांच्या आलेखात हा खड्डा हमखास दिसतो. त्यापलीकडचं वयाने नेलंय. त्यामुळे स, श, फ ही अक्षरं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत आणि तबल्याच्या चाटेवरची ती कडक 'ना'सुद्धा बोथट होऊन पोचते. कानाचं यंत्र आहे, पण ते बोलण्यासाठी. गाणं ऐकताना ते काढून ठेवतात.

आता 'धा' घ्या. उजव्या हाताचा 'ना' आणि डाव्या हाताचा 'गे' एकाच क्षणी पडले की 'धा' होतो. 'ना'ची धार वरच्या पट्ट्यात असते, 'गे'चं घुमणं खाली, शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली. आमचे जुने स्पीकर पुस्तकांच्या कपाटात बसणारे, पाच इंची वूफरचे. सत्तर-ऐंशी हर्ट्झच्या खाली ते हात टेकतात. म्हणजे बाबांना जो अर्धा 'धा' ऐकू येत नव्हता तो स्पीकर नीट वाजवत होते, आणि जो अर्धा बाबा अजून उत्तम ऐकू शकत होते तो स्पीकर वाजवतच नव्हते. ही सांगड एवढी अचूक चुकलेली होती की वहीत दोन आलेख एकाखाली एक काढले तेव्हा मी बराच वेळ नुसती त्यांच्याकडे बघत बसले.

त्या वहीत आणखी एक गोष्ट दिसली. कानाच्या नेहमीच्या तपासणीचा आलेख सहसा २५० हर्ट्झपासून सुरू होतो आणि ८००० वर संपतो. ते बरोबरच आहे, कारण तपासणी बोलणं ऐकू येण्यासाठी असते आणि शब्द ओळखायला जे लागतं ते बहुतेक त्या पट्ट्यात येतं. पण २५० च्या खाली बाबांना काय ऐकू येतं हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते त्यांनाच विचारायला हवं होतं.

एका मित्राकडे पोर्टवाला होता. त्याने तो एका रविवारी गाडीत घालून आणला आणि आम्ही दोघांनी तिसऱ्या मजल्यावर चढवला. आमचा हॉल चौदा फूट बाय दहा फूट. दिवाण, शोकेस, बाबांची आरामखुर्ची आणि गॅलरीचं दार एवढं झाल्यावर ती पेटी बसेल अशी जागा एकच उरली: शोकेसच्या पलीकडचा कोपरा.

सबवूफरची जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे. पेटी ऐकणाऱ्याच्या जागेवर ठेवायची, गाणं लावायचं आणि आपण खोलीभर गुडघ्यांवर रांगत जायचं. जिथे आवाज सगळ्यांत सारखा लागतो तिथे मग पेटी ठेवायची. तेव्हा बाबांच्या खुर्चीत सबवूफर, बाबा दिवाणावर आणि मी फरशीवर रांगतेय असं बराच वेळ चाललं. "काय हरवलंय गं?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

रांगताना जे कळतं ते असं. चौदा फुटांच्या खोलीत ४० हर्ट्झची लाट भिंतीपासून भिंतीपर्यंत नेमकी अर्धी बसते आणि ८० ची पूर्ण. या स्वरांना खोली स्वतःच साथ देते: कुठे ते दुपटीने फुगतात, कुठे जवळजवळ नाहीसे होतात, आणि मूळ आवाज थांबला तरी रेंगाळतात. कोपऱ्यातली पेटी असे सगळे स्वर एकदम जागे करते. आमच्या कोपऱ्यात ते झालंच. डग्गा घुमायचा तो खोलीभर घुमायचा.

बाबांना आधी आनंद झाला. कित्येक दिवसांनी त्यांनी मांडीवर ठेका धरला. मी विलंबित तीनताल लावला होता. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते आणि पुढच्या काही मात्रा डग्गा गप्प राहतो: तिं, तिं, ता, ता. आवर्तनात आपण कुठे आहोत हे ऐकणाऱ्याला त्या गप्प राहण्यातूनच कळतं. चौदाव्या मात्रेला 'धिं'बरोबर डग्गा परत येतो आणि समेची वाट दिसायला लागते. तीन-चार आवर्तनं झाल्यावर बाबांचा हात थांबला. म्हणाले, "दणदणीत आहे. पण खाली भरलेली वाटतेय. आणि गाणारा काय म्हणतोय ते आता मुळीच कळत नाही."

दोन्ही तक्रारी रास्त होत्या. खोलीत रेंगाळणारा आवाज डग्ग्याच्या गप्प जागेत सांडत होता. आणि खालचा मोठा आवाज वरच्या आवाजाला झाकून टाकतो. उलटं तितक्या सहज होत नाही. ज्याच्याकडे वरचं आधीच थोडं शिल्लक आहे त्याचं तेवढंही जातं. यात पोर्टवाल्या पेटीचा दोष नव्हता. ८० हर्ट्झवर दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच वाजतात. अडचण एवढीच होती की ती पेटी कोपऱ्याशिवाय कुठे मावत नव्हती.

तेवढ्यात खालच्या काकूंचा फोन आला. काकू बरोबर आमच्या खाली राहतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या हॉलमध्येच झोपतात, म्हणजे आमच्या हॉलच्या थेट खाली. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "अगं, वर काही यंत्र आणलंय का? ऐकू काही येत नाही, पण पलंगाला कळतंय."

ऐकू येत नाही, पण पलंगाला कळतंय. मी फोनवरच्या अ‍ॅपने मोजलं होतं. हॉलमध्ये आकडा पंचावन्नच्या आत होता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती 'ए' मापाने मोजतात. हे माप माणसाच्या कानाच्या हलक्या आवाजातल्या संवेदनशीलतेवरून बेतलेलं आहे, म्हणून ते खालच्या स्वरांना आकड्यातून वजा करत जातं: ८० हर्ट्झला सुमारे २२ डेसिबल, ४० ला सुमारे ३५. भिंती आणि स्लॅब मात्र बरोबर उलटं वागतात. वारंवारता निम्मी झाली की त्यांची अडवण्याची ताकद ढोबळमानाने ६ डेसिबलने घटते. म्हणजे जो आवाज शेजाऱ्याकडे सगळ्यांत सहज पोचतो तोच मीटरला सगळ्यांत कमी दिसतो. मिरवणुकीतल्या भिंतींपुढे छातीत धडधडतं ते यामुळेही, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

तेव्हा लक्षात आलं की मला जे ठरवायचं होतं ते दोन मापांच्या खालून चाललं होतं. बाबांचा आलेख २५० ला थांबतो आणि नियमाचा मीटर काकूंच्या पलंगापर्यंत उतरत नाही. आकड्यांचा आधार घेऊन मी काकूंना "सगळं मर्यादेत आहे" असं सांगू शकले असते आणि ते खरंही ठरलं असतं. त्यांच्या झोपेला त्याचा काही उपयोग नव्हता.

पुढच्या शनिवारी दुकानदाराकडून बंद पेटी अनामत भरून दोन दिवसांसाठी आणली. ती कोपऱ्यात ठेवलीच नाही. सव्वा फुटाची ती पेटी बाबांच्या खुर्चीला लागून, डाव्या हाताशी बसली. खाली जाड फोमचा तुकडा. पेटी कानापासून दोन-अडीच फुटांवर असली की खोली भरून टाकायची गरजच उरत नाही. ऐकणाऱ्याला तेवढंच मिळतं आणि खोलीत कितीतरी कमी सांडतं. मोठी पेटी तिथे ठेवली असती तर बाबांना उठता आलं नसतं.

मग काकूंना फोन लावला. त्या पलंगावर पडल्या, मी डग्ग्याचे बोल लावून आवाज हळूहळू वाढवत गेले.

"आता?"

"नाही."

"आता?"

"नाही गं."

"आता?"

"हां, आता पायथ्याशी कळतंय."

तिथून दोन खुणा मागे आले आणि तिथे पेन्सिलने रेघ मारली. बाबांना विचारलं, "एवढ्यावर चालेल?" त्यांनी विलंबित तीनतालच मागितला. नवव्या मात्रेला त्यांचा तळहात उघडा झाला, मैफिलीत खाली दाखवतात तसा, आणि चौदाव्याला पेटीच्या डोक्यावर पडला. तिथे त्यांना 'धिं' हातालाही लागत होता. म्हणाले, "आता दोन्ही हात वाजतायत."

पूर्ण खरं सांगायचं तर दोन्ही हात वाजत नव्हते. 'ना'ची धार गेलेलीच आहे आणि ती कुठल्याही पेटीने परत येणार नाही. पण डावा स्पष्ट झाला की साठ वर्षांच्या सवयीने उजवा ते स्वतःच भरून काढतात. पुढच्या वर्षीच्या आलेखात उतार थोडा आणखी डावीकडे सरकलेला असेल. तेव्हाही ही बाजू बराच काळ टिकेल असं धरून मी पैसे भरले.

बंद पेटी घेतली. वाचलेल्या बारा हजारांतून गॅलरीच्या दाराला जाड पडदा आणि बाबांना नवी खुर्ची आली. रात्री नऊनंतर प्लग काढून ठेवायचा असं काकूंशी ठरलंय. नियमात दहापर्यंत मुभा आहे, पण त्या साडेनऊला झोपतात. मित्राचा पोर्टवाला त्याच्या रो-हाउसमध्ये झकास वाजतो. तिथे मोठी खोली आहे, खाली जमीन आहे, आणि जागेसाठी कुणाला उठवावं लागत नाही.

तुमच्याकडेही असा तक्ता तयार असेल, दोन जवळजवळ सारख्या पेट्यांचा, तर त्यात दोन रकाने वाढवा: पेटी कुठे बसेल, आणि तिच्या खाली कोण झोपतं. माझ्या तक्त्यातले बाकी सगळे रकाने या दोघांनी निकालात काढले. उरला १७ हर्ट्झचा प्रश्न. त्यासाठी मी थिएटरात जाते.