उपाशी कोणी आहे का

लिहिण्याची उमेद कशी टिकवावी असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. रोज ठरावीक वेळी बसा, रोज निदान एक पान लिहा, घेतला वसा टाकू नका. यातलं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. टाकू नये हे कबूल. पण घ्यायचा कोणाकडून? दुसऱ्याचं चरित्र लिहायला सांगणारे असतात, दिवाळी अंकासाठी लेख मागणारे असतात. आपली स्वतःची गोष्ट मात्र कोणी मागितलेली नसते.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते वडिलांच्या आत्याकडून. श्रावणातल्या रविवारी ती आदित्यराणूबाईची कहाणी सांगायची. आम्ही मुलं मुठीत अक्षता धरून बसायचो. एक गरीब ब्राह्मण रानात समिधा-फुलं आणायला जातो. तिथे नागकन्या, देवकन्या वसा वसत असतात. तो त्यांच्याकडून मागून घेतो आणि त्याचे दिवस पालटतात. त्याची एक मुलगी राजाच्या घरी पडते, दुसरी प्रधानाच्या. पुढे तो राणी झालेल्या मुलीकडे जातो आणि म्हणतो, माझी कहाणी ऐक. ती म्हणते, राजा शिकारीला निघालाय, मला वेळ नाही. प्रधानाकडे दिलेली मुलगी ऐकते. राणीच्या घरी दारिद्र्य येतं, बहिणीचं बरं चालतं.

लहानपणी मला राणीवर झालेला हा अन्यायच वाटायचा. नवरा बाहेर निघालाय, घरात शंभर कामं पडली आहेत, अशा वेळी बाईनं बसून कहाणी कशी ऐकायची? आज मला पुढचा भाग जास्त छळतो. हालअपेष्टा काढून राणी बहिणीच्या दारी येते, तिच्याकडून कहाणी ऐकते, वसा घेते. राजाचं बोलावणं येतं. परतीच्या वाटेवर मुक्काम पडतो, स्वयंपाक होतो, आणि जेवायला बसताना तिला कहाणी आठवते. ती सांगायची, तर ऐकायला कोणीतरी हवं, आणि तेही उपाशी. म्हणून शोध सुरू होतो, कोणी उपाशी आहे का पाहा. एका मुक्कामाला मोळीविक्या सापडतो, दुसऱ्या मुक्कामाला माळी, मग मुलगा गमावलेली म्हातारी, आणि शेवटी हात नाही, पाय नाही असा एक निव्वळ मांसाचा गोळा. राणी त्यालाही उताणा करते, सहा मोत्यांतली तीन त्याच्या बेंबीवर ठेवते, तीन स्वतःच्या हातात धरते आणि सांगते. ऐकता ऐकता त्याला हातपाय येतात.

त्या सहा मोत्यांपाशी मी फार वेळ रेंगाळते. तीन सांगणारीकडे, तीन ऐकणाऱ्याकडे. ऐकणाऱ्याचा वाटा सांगणारीइतकाच. शिवाय सांगणारी कोण, तर जिनं एकदा ऐकायला नकार दिला होता तीच. आणि ती सांगते काय? कहाणीत ते येतच नाही, नुसतं सांगितलं म्हणून कळतं. ती बापाचीच कहाणी सांगत असेल, की त्यात आता तिचा स्वतःचा नकारही आला असेल? तो आला असेल तर ती तिची स्वतःची गोष्ट झाली. आत्याला मी हे कधी विचारलं नव्हतं, मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

मला वाटत होतं, उत्तर इथेच आहे. ऐकणारा मिळाला की सांगणं येतं. लक्ष्मीबाई टिळकांचं तसंच झालं. त्यांना अक्षरओळख नवऱ्यानं करून दिली. वडिलांच्या चरित्रासाठी मुलानं आठवणी मागितल्या आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभं राहिलं. पहिला भाग 1934 साली आला तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. मागणारा घरातलाच होता.

पण मग बेबीताई कांबळे आठवतात आणि सगळं विस्कटतं. फलटणला त्यांचं छोटं दुकान. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत, आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. तब्बल वीस वर्षं त्यांनी ते लपवलं. फलटणलाच राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांना त्याचा सुगावा लागला, 1982 साली ते ‘स्त्री’ मासिकातून येऊ लागलं आणि 1986 साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. वीस वर्षं ऐकणारा कोणी नव्हता. उलट कोणी ऐकू नये म्हणून त्या धडपडत होत्या. वीरगावच्या महारवाड्यातलं जगणं, बायकांची उपासमार, बाबासाहेबांच्या शब्दांनी पेटलेली माणसं हे सगळं त्या कोणासाठी उतरवत होत्या? पुढच्या पिढीसाठी, असं म्हणता येईल. पण पुढच्या पिढीला लपवलेली वही सापडेल याची हमी कोणी दिली होती? इथे राणीचा नियम लागू पडत नाही. इथे उपाशी असलेली बाई सांगणारीच होती.

माझ्या मनात जी गोष्ट आहे ती आत्याची. विधवा होऊन ती माहेरी आली आणि शेवटपर्यंत आमच्या घरी राहिली. श्रावणात सगळं घर तिच्यासमोर बसायचं, कहाणीचा शब्द इकडचा तिकडे होत नसे. एरवी तिला तिचं काही विचारलेलं मला आठवत नाही. सासर कसं होतं, नवरा कसा होता, परत येताना बैलगाडीत सोबत कोण होतं, काहीच माहीत नाही. तिच्या पदराची गाठ आणि चुलीपुढची तिची जागा एवढंच माझ्याकडे आहे. मग ही तिची गोष्ट की माझी? मी लिहिली तर अर्धी कल्पनेनं भरावी लागेल, आणि ती भरताना घरातल्या मोठ्यांचं वागणंही उघडं पडेल. त्यांतले काही अजून आहेत. त्यांनी ते वाचावं असं मला वाटतं का? कधी वाटतं, त्यांनीच सगळ्यांत आधी वाचावं. कधी बेबीताईंसारखं लपवून ठेवावंसं वाटतं. त्या लपवण्यामागे धाक होता, माझ्यामागे तसा काही नाही, त्यामुळे ही तुलना मला शोभते का याचीही खात्री नाही.

राणीनं वाटेत ज्यांना सांगितलं ते सगळे परके होते, हेही आहेच. सख्ख्या माणसांत कहाणी एकदा नाकारली गेली, ती पूर्ण झाली अनोळखी लोकांत. पण बहीणही सख्खीच होती, आणि तिनं ती जपून ठेवली नसती तर राणीला मिळाली कुठून असती? आत्यासमोर बसलेल्या आम्हा मुलांपैकी ती बहीण कोण होती, हे मला ठरवता येत नाही. चुलतभावाला विचारून पाहणार आहे. त्याला बैलगाडीबद्दल काही ठाऊक असलं तर तो सांगेल, नसलं तर ते पान तसंच ठेवावं की कल्पनेनं भरावं, हे तेव्हा बघावं लागेल.