मुठीवरचे छप्पन्न

खिशात मावणारा, पितळी मुठीचा, मिटणारा चाकू. पातं बोटभर. मुठीच्या एका अंगाला ‘५६’ असा आकडा ठोकलेला. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव-गाव-तारीख ठोकून घेतात, त्याच टिंबाटिंबांच्या अक्षरात. हा चाकू माझ्या मामाचा. मामा बेल्लमपल्लीला, सिंगरेणीच्या कोळसा खाणीत कामाला होता.

आमच्या धर्माबादहून कोळशाच्या गावी नोकरीला जाणं आज लांबचं वाटेल. पण निजामाच्या राज्यात धर्माबाद आणि सिंगरेणी एकाच सरकारखाली होते. १८७१ मध्ये भूशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना येल्लंदूजवळ कोळसा सापडला, १८८९ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९२० मध्ये आजच्या नावाची कंपनी उभी राहिली. १९५६ च्या भाषावार रचनेत आम्ही मुंबई राज्यात आलो, खाणी आंध्रात गेल्या. सोयरीक मात्र दोन्हीकडे राहिली. बासरला सरस्वतीच्या देवळात पोराच्या पाटीवर अक्षर गिरवायचं, मिरची धर्माबादच्या बाजारातून न्यायची आणि नोकरी मिळेल तिथं करायची, अशी आमच्याकडची कितीतरी घरं.

मामा सुट्टीला आला की ओट्यावर बसून आम्हाला त्या चाकूनं ऊस सोलून द्यायचा, कैरीच्या फोडी करायचा. तळहातावर सदा तंबाखू. खाली बिडी-काडीपेटी नेता येत नाही, गॅस पेटला तर सगळेच जातील, म्हणून खाणीतला माणूस तंबाखू चघळतो, हे त्यानंच सांगितलं.

छप्पन्नचा अर्थही त्यानंच सांगितला. १९८१ मध्ये सिंगरेणीत ५६ दिवसांचा संप झाला. तेव्हाच्या वेतन अदायगी कायद्यात एक तरतूद होती: दहा किंवा अधिक कामगार नोटीस न देता, सबळ कारण नसताना एकजुटीनं कामावर आले नाहीत, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येई. ती तरतूद लावून एका दिवसाच्या संपाला आठ दिवसांचा दंड, हे त्या कामगारांना झोंबलं. याच संपातून पुढं ‘सिंगरेणी कार्मिक समाख्या’ ही कडवी संघटना निघाली आणि खाणपट्ट्याचं राजकारण बरंच बदललं. मामा कुठल्याच संघटनेचा पुढारी नव्हता. संप मिटल्यावर बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्यापुढं त्यानं चाकू ठेवला आणि एवढाच आकडा ठोकून घेतला.

पुढं मी मोंढ्यात अडत दुकानावर दिवाणजी झालो, तेव्हा मामानं तो मला दिला. पोत्यांची सुतळी तोडायला, मिरचीचं पोतं उसवायला त्याच्याइतकं सोयीचं काही नव्हतं. नमुना बघायला आलेला व्यापारी कधी विचारायचा, ‘छप्पन्न म्हणजे काय?’ ‘मामाचे बिनपगारी दिवस,’ मी सांगायचो.

खाणकामगारांच्या नावानं चाकू काढायची रीत अमेरिकेत आहे, हे कळलं तेव्हा मामाची फार आठवण झाली. तिथली ‘युनायटेड माइन वर्कर्स’ ही संघटना १८९० ची. १ एप्रिल १८९८ ला तिथल्या मोठ्या कोळसापट्ट्यात आठ तासांचा दिवस लागू झाला, तो दिवस त्यांच्यात सण म्हणून पाळत. आठवण म्हणून चाकूच का, हे मला कुणी सांगायला नको. तिथल्या खाणीतही बिडी-सिगारेटची बंदी. तंबाखूची घट्ट वडी चाकूनं कापून चघळायची. रोज खिशात असणाऱ्या वस्तूवर आठवण कोरली की ती वेगळी जपावी लागत नाही.

तरी त्या चाकूंत आणि मामाच्या चाकूत मला फरक दिसतो. त्यांच्यावर संघटनेचं नाव येतं, बोधचिन्ह येतं. मामानं मागणी कोरली नाही, घोषणा कोरली नाही. किती दिवस चूल पगाराशिवाय पेटली, तेवढं कोरलं.

आणि ते दिवस एकट्या मामाचे नव्हते. त्या संपात आईनं इथून ज्वारी आणि मिरचीची पोती धाडली होती. मामीला मी एकदा विचारलं, तेव्हा ती सरळ म्हणाली, ‘तुझ्या मामांनी संप केला, पण चालवला किराणावाल्यानं. त्यानं वही मिटली असती तर दहाव्या दिवशी सगळे कामावर.’ उधारी फेडायला पुढची दोन वर्षं गेली, हेही तिनंच सांगितलं. तिकडे अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लडलोला २० एप्रिल १९१४ रोजी संपकऱ्यांच्या तंबूंना आग लागली, तेव्हा एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं मेली. संपाची किंमत घर मोजतं, ती कधी उधारीत, कधी जिवानं.

२०२२ मध्ये सिंगरेणीतले कंत्राटी कामगार पगारवाढीसाठी संपावर गेले. कायम कामगाराला किराणावाला निदान नोकरीकडं बघून उधार देतो. कंत्राटी माणसाला कशाच्या भरवशावर देणार? पेपरमध्ये मागण्यांची यादी होती, पुढाऱ्यांची नावं होती. मी मात्र मामीसारखाच हिशोब करत बसलो: यांच्या गल्लीतली वही किती दिवस उघडी राहील? संपाची ताकद मला सभेच्या गर्दीवरून कळत नाही, त्या वहीवरून कळते.